नक्कल केव्हा मिळाली? : फौजदारी खटल्यातील पुरावा-प्रकटनाच्या वेळेचा इतिहास

साहित्याच्या अभ्यासकाने खटल्याकडे पाहिले आहे ते बहुधा वक्तृत्वाच्या किंवा नाट्याच्या अंगाने. वकिलाचे भाषण, साक्षीदाराची अडखळलेली जबानी, आरोपीचे निवेदन आणि निकालपत्राची भाषा हे त्याच्या कुतूहलाचे विषय राहिले आहेत. मात्र ज्या कागदांवर खटला उभा राहतो ते आरोपीच्या हाती कधी पडले, हा प्रश्न त्याने कायदेपंडितांकडे सोडून दिला. वस्तुतः हा प्रश्न वाचनाचा आहे. सरकार पक्ष तपासाच्या काळात एक संहिता रचीत असतो. तीत फिर्याद असते, पंचनामे, साक्षीदारांचे जबाब, तज्ज्ञांचे अहवाल आणि शेवटी दोषारोपपत्र असते. या संहितेचा नायक म्हणा वा खलनायक म्हणा, तो आरोपी तिचा वाचक केव्हा होतो, यावर तो उत्तर देऊ शकेल की नाही हे ठरते. प्रस्तुत निबंधात या ‘केव्हा’चा इतिहास मुख्यतः भारतीय फौजदारी प्रक्रियेच्या संदर्भात मांडण्याचा प्रयत्न केला आहे. इंग्लंड व अमेरिका यांचा विचार तुलनेपुरता केला आहे.

१. प्रतिज्ञा आधी, साधन नंतर

धर्मशास्त्रीय ‘व्यवहार’ चतुष्पाद मानला गेला आहे. भाषा, उत्तर, क्रिया आणि निर्णय हे त्याचे चार पाद होत. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात असे सांगितले आहे की, वादीचे म्हणणे प्रतिवादीच्या समक्ष लिहिले जावे आणि ते ऐकून झाल्यावर प्रतिवादीने वादीच्या सान्निध्यात आपले उत्तर लिहून द्यावे. आरोप पाठीमागे लिहिला जाऊ नये, हा विचार येथे स्पष्ट आहे. तथापि पुढचा क्रमही तितकाच लक्षणीय आहे. वादी आपल्या प्रतिज्ञेचे साधन, म्हणजे पुरावा, लिहवून देतो तो उत्तर आल्यानंतर. प्रतिवादीला आरोप कळतो, परंतु त्या आरोपाचा आधार न कळताच त्याला आपली भूमिका घ्यावी लागते.

याच अध्यायात आणखी एक भेद आहे. साहस, चोरी, पारुष्य यांसारख्या प्रकरणांत उत्तर तत्काळ घ्यावे, इतरत्र मुदत इच्छेनुसार द्यावी, असा तो नियम आहे. ऋणाच्या वादात माणसाला विचार करायला अवधी मिळे. चोरीच्या वा हिंसेच्या आरोपात, म्हणजे नेमका जेथे देहदंडापर्यंत मजल जाण्याचा संभव, तेथे तो मिळत नसे. यामागील तर्क समजण्यासारखा आहे. गंभीर गुन्ह्यात अवधी दिला तर दोषी माणूस सबब रचील, साक्षीदार फोडील, अशी ती धास्ती आहे. निर्दोष माणसाला सबब रचण्यासाठी नसला तरी आठवण्यासाठी अवधी लागतो, हे या तर्कात बसत नाही.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील नववा अंक या व्यवस्थेचे मार्मिक चित्र आहे. गोविंद बल्लाळ देवलांमुळे ही कथा मराठी रंगभूमीच्याही परिचयाची झाली. शकार चारुदत्तावर वसंतसेनेच्या हत्येचा आरोप करतो. त्यानंतर एकाच बैठकीत पुरावा येत राहतो. वसंतसेनेची आई खरे तेच सांगते की, मुलगी चारुदत्ताकडे गेली होती. वीरक भलत्याच तक्रारीसाठी आलेला असतो, पण त्याच्या तोंडून गाडीची हकीकत बाहेर पडते. उद्यानात एका स्त्रीचे प्रेत सापडते. आणि अखेरीस मैत्रेयाच्या काखेतून वसंतसेनेचे अलंकार सर्वांसमक्ष खाली पडतात. शकार सोडला तर येथे कोणीच खोटे बोलत नाही, तरीही त्यातून एक पूर्ण खोटी कथा सिद्ध होते. ते अलंकार वसंतसेनेने चारुदत्ताच्या मुलाच्या मातीच्या गाडीत घातले होते आणि ते परत करण्यासाठीच मैत्रेय निघाला होता, हे स्पष्टीकरण चारुदत्ताजवळ आहे. पण ते जुळवून सांगण्याइतका अवकाश त्याला मिळत नाही. अधिकरणिक सहृदय आहे, त्याचा चारुदत्ताच्या शीलावर विश्वासही आहे. येथे न्यायाधीशाच्या मनाला दोष देता येत नाही. उणीव आहे ती कालक्रमात, कारण पुरावा प्रकट होणे आणि त्याचे उत्तर देणे या दोन क्रियांमध्ये अंतरच उरलेले नाही.

२. इंग्लंडमधील विलंबित वाचन

इंग्लिश विधिपरंपरेतही आरोप जितका गंभीर तितकी आरोपीची तयारी तोकडी, असा उलटा न्याय दीर्घकाळ चालला. किरकोळ गुन्ह्यात आरोपीस वकील देता येई. मृत्युदंडास पात्र अशा गंभीर गुन्ह्यात मात्र त्याच्या वतीने ज्यूरीसमोर भाषण करण्याची वकिलाला मुभा नव्हती. पहिला अपवाद राजद्रोहाच्या खटल्यांबाबत झाला. १६९६ मध्ये संमत झालेल्या कायद्याने अशा आरोपीस आरोपपत्राची प्रत खटल्याच्या पाच दिवस आधी देण्याचे बंधन घातले. १७०८ च्या कायद्याने साक्षीदारांची व ज्यूरींची यादी दहा दिवस आधी देण्याची तरतूद केली, पण तिचा अंमल पुढे ढकलला. राजद्रोहाचा आरोप सत्ताधारी वर्गातील माणसांवरही येऊ शकत होता. त्यामुळे ही सवलत सर्वांत आधी त्याच गुन्ह्याला मिळावी, यात इतिहासाचा उपरोध आहे. चोरी वा खून यांच्या आरोपीस वकिलामार्फत पूर्ण बचावाचा आणि दंडाधिकाऱ्यासमोर नोंदलेल्या जबान्यांच्या नकला मिळण्याचा हक्क मिळण्यास १८३६ साल उजाडावे लागले.

येथे ‘दिवस’ हे एकक प्रथमच कायद्यात शिरले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. प्रत मिळणे हा हक्क झाला. ती किती दिवस आधी मिळणे हा त्या हक्काचा गाभा झाला.

३. १८९८ ते १९५५ : साक्षीदार पिंजऱ्यात आल्यावर

ब्रिटिश अमदानीतील १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलिसांनी नोंदविलेल्या जबाबांविषयीचे कलम १६२ होते. सरकार पक्षाचा साक्षीदार साक्षीस उभा राहिल्यावर आरोपीने विनंती केल्यास न्यायालयाने त्याचा पोलिसांपुढील जबाब पाहावा आणि न्यायाच्या दृष्टीने इष्ट वाटल्यास आरोपीस त्याची नक्कल देववावी, असे ते सांगत होते. म्हणजे वाचनाचा क्षण साक्षीदार पिंजऱ्यात आल्यानंतरचा, आणि तोही न्यायाधीशाच्या मर्जीवर अवलंबून. १९२३ च्या दुरुस्तीने मर्जीचा भाग बव्हंशी काढला आणि विनंती केल्यास नक्कल देणे बंधनकारक केले. क्षण मात्र तोच राहिला.

तरीही त्या काळातील आरोपी पूर्णतः अंधारात असे, असे म्हणता येणार नाही. सत्र न्यायालयात चालणाऱ्या खटल्यांना आधी दंडाधिकाऱ्यासमोरील चौकशीचा टप्पा असे. तेथे सरकारी साक्षीदार एकदा तपासले जात आणि मगच खटला सत्र न्यायालयाकडे सुपूर्द होई. हीच त्या काळातील पुरावा-प्रकटनाची खरी जागा होती. तिचे गुणदोष मीरत कटाच्या खटल्यात ठळकपणे दिसतात. मार्च १९२९ मध्ये देशभरातून तीसहून अधिक कामगार नेते व कार्यकर्ते पकडले गेले. मुंबईतून श्रीपाद अमृत डांगे, एस. एस. मिरजकर, के. एन. जोगळेकर प्रभृती त्यांत होते. जून १९२९ मध्ये दंडाधिकाऱ्यासमोर चौकशी सुरू झाली, जानेवारी १९३० मध्ये आरोपी सत्र न्यायालयाकडे सुपूर्द झाले आणि निकाल लागला तो जानेवारी १९३३ मध्ये. सरकार पक्षाचा अवाढव्य लेखी पुरावा आरोपींना खटल्याआधी ऐकावयास मिळाला, त्यावर विचार करण्यास काळ मिळाला, आणि त्यातूनच त्यांची प्रदीर्घ राजकीय निवेदने आकाराला आली. परंतु हा काळ बव्हंशी कोठडीतला होता. ज्ञान लवकर मिळाले; त्याची किंमत वर्षांमध्ये मोजावी लागली. पुरावा-प्रकटनाच्या वेळेचा विचार करताना हे दोन्ही काळ, वाचनाचा आणि बंदिवासाचा, एकत्र तपासावे लागतात.

साक्षीच्या वेळी नक्कल मिळण्याच्या हक्काचे मोल प्रिव्ही कौन्सिलने १९४७ च्या कोट्टय्या खटल्यात मान्य केले. पोलिसांच्या टिपणवहीतील काही जबाब बचाव पक्षाला वेळीच मिळाले नव्हते. हा हक्क अत्यंत मोलाचा असून उलटतपासणीसाठी तो महत्त्वाची सामग्री पुरवितो, असे कौन्सिलने म्हटले. मात्र प्रस्तुत प्रकरणात आरोपींचे नुकसान झाले नाही, त्यामुळे एवढ्या उणिवेने खटला निरर्थक होत नाही, असे ठरविले. हक्क मोलाचा, पण त्याचा भंग क्षम्य, ही जोडी पुढील सर्व इतिहासात पुन्हा पुन्हा भेटते.

४. १९५५ आणि १९७३ : नक्कल खटल्याआधी

स्वातंत्र्योत्तर काळातील निर्णायक बदल १९५५ च्या दुरुस्ती कायद्याने झाला. चौकशी वा खटला सुरू होण्यापूर्वी ठाणे अंमलदाराने पोलीस अहवाल, प्रथम खबर, साक्षीदारांचे जबाब व सरकार पक्ष ज्यांवर भिस्त ठेवणार ते दस्तऐवज यांच्या नकला आरोपीस विनामूल्य द्याव्यात, असे कलम १७३ च्या नव्या पोटकलमाने सांगितले. वाचनाचा क्षण साक्षीच्या पिंजऱ्यापासून सुटून खटल्याच्या उंबरठ्याबाहेर आला. सुपूर्दगीपूर्व चौकशीही याच वेळी आखूड करण्यात आली. १ एप्रिल १९७४ पासून अमलात आलेल्या १९७३ च्या संहितेने ती चौकशी जवळजवळ पूर्णतः काढून टाकली आणि नकला देण्याचे कर्तव्य कलम २०७ अन्वये दंडाधिकाऱ्यावर सोपविले. ‘विलंब न करता’ हे शब्द तेथे आले. दस्तऐवज फार मोठे असतील तर नकलेऐवजी ते पाहू देण्याची सोयही ठेवली गेली.

ज्या काळात साक्षीदारांची एक संपूर्ण तालीम दंडाधिकाऱ्यासमोर होत असे, तेथे आता केवळ कागद उरला. पोलिसांनी लिहिलेला आणि साक्षीदाराची सही नसलेला जबाब हाच आरोपीच्या पूर्वज्ञानाचा एकमेव स्रोत झाला. त्यामुळे तो कागद वेळेवर मिळणे पूर्वीपेक्षा अधिक निकडीचे झाले.

परंतु न्यायालयांनी कर्तव्यभंगाचा परिणाम सौम्यच ठेवला. १९५७ च्या नारायण राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, १७३ व्या कलमाखालील नकला न दिल्यामुळे खटला आपोआप निरर्थक होत नाही. आरोपीचे नुकसान झाल्याचे दिसले पाहिजे. ही कसोटी वरकरणी वाजवी आहे. एखादा निरुपद्रवी कागद राहून गेला म्हणून सारा खटला नव्याने चालवावा, असे कोणी म्हणणार नाही. पण वाचकाच्या दृष्टीने ती अवघड आहे. नुकसान दाखवायचे म्हणजे जी उलटतपासणी झालीच नाही ती कल्पून दाखवायची, आणि कागद आधी वाचला असता तर कोणता प्रश्न सुचला असता हे सांगायचे. न लिहिलेल्या संहितेचे समीक्षण करण्यासारखे हे काम आहे, आणि ते सिद्ध करण्याचा भार व्यवहारात बहुधा आरोपीवरच येतो.

५. दुसरी बाजू

लवकर प्रकटन हे सर्वमान्य मूल्य आहे, असे समजणे चूक ठरेल. अमेरिकेत १९५७ च्या जेंक्स खटल्यात साक्षीदारांचे पूर्वीचे अहवाल आरोपीस पाहू द्यावेत असा निर्णय झाला. त्याच वर्षी काँग्रेसने कायदा करून असे ठरविले की, संघीय खटल्यात सरकारी साक्षीदाराचा पूर्वीचा जबाब मागता येईल तो त्याची सरतपासणी झाल्यानंतरच. १९६३ च्या ब्रॅडी निर्णयाने आरोपीस अनुकूल असा महत्त्वाचा पुरावा दडपणे हा न्याय्य प्रक्रियेचा भंग ठरविला, तरी तो नेमका केव्हा द्यावा याचा दिवस ठरवून दिला नाही. ज्या सुमारास भारताने वाचनाचा क्षण खटल्याआधी आणला, त्याच सुमारास अमेरिकेने साक्षीदारांच्या जबाबांबाबत तो साक्षीनंतर ठेवला. १८९८ च्या कलम १६२ शी त्याचे साम्य नजरेत भरते.

या विलंबामागील कारण खोटे नाही. साक्षीदाराचे नाव व जबाब महिनोन्‌महिने आधी आरोपीच्या हाती गेले तर धमकी, आमिष व प्रसंगी जीवावर बेतणे संभवते. हे भय भारतातही काल्पनिक नाही. म्हणूनच आपल्या संहितेनेही जबाबाचा काही भाग वगळण्याची विनंती पोलिसांना करू दिली आहे, आणि तपासाची दैनंदिनी आरोपीच्या नजरेआड ठेवली आहे. २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात पीडितेच्या खाजगीपणास बाध येऊ नये म्हणून चित्रफितीची प्रत न देता आरोपीस ती केवळ पाहू द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. या अपवादांमुळे तत्त्व दुबळे होत नाही. अपवाद न्यायालयाने कारण देऊन करावा आणि तो त्या व्यक्तीपुरता वा वस्तूपुरता असावा, एवढेच त्यातून निष्पन्न होते. भय आहे म्हणून सर्वच आरोपींना अखेरच्या क्षणापर्यंत अंधारात ठेवावे, असे नव्हे.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाचा येथे अपरिहार्यपणे विचार करावा लागतो. अभिरूप न्यायालयात आरोपी कोण, हे बेणारे खोलीबाहेर असताना ठरते. आरोप तिला अचानक ऐकविला जातो. एकच सुखात्मे दोन्ही पक्षांचे वकील होतात आणि काशीकर न्यायासनावरून उतरून साक्ष देतात. सामंत तर कादंबरीत वाचलेला मजकूर साक्ष म्हणून उभा करतो. प्रत्येक साक्ष तिच्यावर नव्याने कोसळते. समीक्षेने या नाटकातील लिंगभावाची व दांभिकतेची चर्चा पुष्कळ केली आहे. येथे त्यातील प्रक्रिया-विचाराकडे लक्ष वेधायचे आहे. बेणारेच्या बाजूने बोलण्यासारखे काही नाही असे नाही. पुढील साक्ष काय आहे हे तिला कधीच आधी ठाऊक नसते. अखेरीस बोलण्यासाठी मिळालेला वेळ सेकंदांत मोजला जातो. प्रेक्षकाला धक्का देणारी तीच रचना आरोपीला निःशस्त्र करते. नाटकाला जो आकस्मिकपणा लागतो, तो खऱ्या न्यायालयाने कटाक्षाने टाळला पाहिजे, हे तेंडुलकरांनी उलट्या दिशेने दाखवून दिले आहे.

६. न वापरलेला कागद आणि चौदा दिवस

अलीकडील काळात प्रश्नाला दोन नवी वळणे मिळाली. पहिले वळण सरकार पक्षाने ज्यावर भिस्त ठेवली नाही अशा सामग्रीचे आहे. तपास करणारा अनेक कागद गोळा करतो आणि त्यांतील आपल्या कथेला जुळणारे निवडतो. वगळलेल्या कागदांत कदाचित आरोपीची कथा असते. २००५ मध्ये प्रकाशित झालेल्या देबेंद्रनाथ पाढी निर्णयाने आरोप निश्चितीच्या टप्प्यावर आरोपीला स्वतःचे दस्तऐवज पुढे आणण्यास वा मागविण्यास सामान्यतः मज्जाव केला होता. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी व्यवहाराच्या नियमांचा मसुदा संमत करताना न वापरलेल्या जबाबांची व दस्तऐवजांची यादी आरोपीस द्यावी, असे सांगितले. मे २०२५ मध्ये मनी लाँडरिंगविरोधी विशेष कायद्याखालील खटल्यांनाही अशा यादीचा हक्क लागू केला. येथे मिळते ती यादी. कागद नंतर मागावे लागतात. पण आपल्याविषयी आणखी काही लिहिले गेले आहे, हे कळणे हीच मागणीची पहिली पायरी होय.

दुसरे वळण मुदतीचे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० ने ‘विलंब न करता’ या शब्दांना आकडा दिला. आरोपी हजर झाल्यापासून वा हजर केल्यापासून चौदा दिवसांच्या आत नकला दिल्या पाहिजेत. वकिलामार्फत उपस्थित असलेल्या पीडितासही त्या द्यायच्या आहेत, आणि इलेक्ट्रॉनिक रूपात दिल्या तरी त्या दिल्या असे मानले जाईल. दंडाधिकाऱ्यासमोर चालणाऱ्या वॉरंट खटल्यांत नकला मिळाल्यापासून साठ दिवसांच्या आत आरोपातून मुक्ततेचा अर्ज करावयाचा आहे. १६९६ च्या पाच दिवसांपासून सुरू झालेले ‘दिवस’ हे एकक असे भारतीय संहितेत पोहोचले. मात्र आता नक्कल मिळण्याचा दिवस हा आरोपीच्या स्वतःच्या मुदतीचाही आरंभदिन ठरतो. फाईल हाती आली, पण उघडत नाही, अपुरी आहे किंवा वाचता येत नाही, तरी घड्याळ चालू झालेले असते.

‘वाचता येत नाही’ हा मुद्दा तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. बहुभाषिक देशात साक्षीदार एका भाषेत बोलतो, अंमलदार दुसऱ्या भाषेत लिहितो, आणि परप्रांतीय आरोपी तिसऱ्याच भाषेत विचार करतो. महाराष्ट्रात कामासाठी आलेल्या संताळी वा ओडिया भाषिक मजुराला मराठी जबाबांची नक्कल मिळते. केरळात वा गुजरातेत पकडल्या गेलेल्या मराठी माणसाचीही तीच गत होते. न्यायालयाच्या भाषेत नसले म्हणून दोषारोपपत्र अवैध ठरत नाही, असे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. आरोपीला व त्याच्या वकिलाला ती भाषा कळत नसेल, तर योग्य वेळी मागणी केल्यास भाषांतराचा मार्ग मात्र खुला ठेवला. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात याच न्यायालयाने अटकेची कारणे अटक झालेल्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत लेखी द्यावीत आणि तत्काळ देणे शक्य नसल्यास कोठडीसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी द्यावीत, असे ठरविले. वेळ आणि भाषा या दोहोंचा एकाच वाक्यात विचार करणारा हा निर्णय आहे. अटकेची कारणे म्हणजे पुरावा नव्हे. पण जे तत्त्व दोन पानांना लागू होते ते दोन हजार पानांना का लागू होऊ नये, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

समारोप

२०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत असलेल्या बंद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. या आकड्याशी आपल्या प्रश्नाचा थेट संबंध आहे. जामिनाचा अर्ज, आरोपातून मुक्ततेचा अर्ज, उलटतपासणीची तयारी, यांपैकी काहीही कागद वाचल्याशिवाय होत नाही. कागद मिळेपर्यंतचा काळ यांतील पुष्कळांच्या बाबतीत भिंतीआडच जातो.

स्मृतिकारांनी आरोप समक्ष लिहावयास सांगितला, पण गंभीर आरोपात उत्तर तत्काळ मागितले. १८९८ च्या संहितेने नक्कल साक्षीच्या क्षणी दिली, १९५५ ने ती खटल्याआधी आणली, २०२३ ने तिला चौदा दिवसांची मर्यादा घातली. ही वाटचाल आरोपीला उत्तरोत्तर आधीचा वाचक करणारी आहे, हे मान्य करावयास हवे. परंतु मुदत मोडली तर काय, याचे उत्तर अजूनही नारायण राव खटल्यातील कसोटीभोवतीच फिरते. जोवर विलंबाची झळ ती करणाऱ्या यंत्रणेला लागत नाही, तोवर चौदा हा आकडा कागदावरील शिष्टाचारच राहण्याचा संभव आहे.

निकालपत्रे आणि निवेदने यांच्या जोडीने नक्कल मिळाल्याच्या तारखांचाही अभ्यास व्हावा, असे सुचवावेसे वाटते. प्रत्येक खटल्याच्या कागदांत आरोपीने नकला मिळाल्याबद्दल केलेली एक सही असते, बहुधा एका ओळीची, कधी अंगठा. त्या सहीखालील तारीख आणि पहिल्या साक्षीची तारीख यांमध्ये किती दिवस होते आणि त्या दिवसांत तो कागद त्याला कोणी वाचून दाखविला काय, एवढे तपासले तरी न्यायाच्या इतिहासाचे बरेचसे अलिखित पान हाती येईल.